किसमायो ते ग्लासगो ते चेल्सी: एका सोमाली निर्वासित पोराच्या फुटबॉल करिअरचं प्रकरण

सुरुवातीलाच सांगतो, पोराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. स्कॉटिश फुटबॉल थोडंफार बघणाऱ्याला तो कोण हे लगेच कळेल, क्लब, वर्षं, रकमा सगळं त्या त्या वेळी पेपरात छापून आलंय, तेव्हा गुपित असं काही नाही. पण त्याच्या नावाला "वाया गेलेलं टॅलेंट" हे शेपूट इतकं घट्ट चिकटलंय की नाव घेतलं की लोक थेट निकालावर बोलायला लागतात, मधले निर्णय कोणी बघतच नाही. म्हणून इथे त्याला 'स' म्हणू.

'स'ची गोष्ट साधारण दोन तऱ्हेने सांगतात. एक म्हणजे युद्धातून आलेलं पोर, ग्लासगोच्या सेल्टिक क्लबने हात दिला, ऐकून डोळ्यात पाणी वगैरे. दुसरी म्हणजे ज्या क्लबने घर वाचवलं त्यालाच टांग मारून हा पैशांमागे लंडनच्या चेल्सी क्लबला गेला. मला दोन्ही पटत नाहीत. त्याच्या आयुष्यात चार मोठे निर्णय झाले, पहिल्याच्या वेळी त्याच्या बाजूने बोलणारा, शब्दाला वजन असलेला एक मोठा माणूस हजर होता आणि नंतरच्या तिन्हींच्या वेळी तो माणूस जिवंत नव्हता. माझ्या मते बाकी सगळं या फरकाभोवती फिरतं.

## पार्श्वभूमी

'स'चा जन्म १९९५ चा, किसमायोचा. किसमायो म्हणजे दक्षिण सोमालियातलं बंदर. १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारेचं सरकार पडलं आणि देशाचे तुकडे झाले, त्यात बंदर असलेल्या गावाचे हाल जास्त, कारण बंदर ज्याच्या हातात त्याच्याकडे पैसा, त्यामुळे एक टोळीप्रमुख गेला की दुसरा हजर. कुटुंब आधी टांझानियात गेलं आणि तिथून ब्रिटनला, आणि मुलगा प्राथमिक शाळेच्या वयाचा असतानाच ग्लासगोला.

आता ग्लासगोच का, लंडन का नाही? १९९९ च्या इमिग्रेशन कायद्यानंतर ब्रिटिश सरकारने आश्रय मागणाऱ्यांना लंडन आणि दक्षिणेच्या बाहेर पाठवायला सुरुवात केली. जिथे कौन्सिलची, म्हणजे पालिकेची, घरं रिकामी पडलीत तिथे न्यायचं, असा साधा हिशोब होता. ग्लासगोत अशी घरं भरपूर होती, उंच टॉवरमधली, जी स्थानिक लोकांना नको झाली होती. २००० पासून माणसं यायला लागली, आणि येणाऱ्याला शहर निवडायचा अधिकार नव्हता. 'स' वाढला तो कॅसलमिल्कमध्ये, शहराच्या दक्षिण टोकाला दुसऱ्या महायुद्धानंतर बांधलेली मोठी कौन्सिल वसाहत.

ते दिवस सोपे नव्हते. मोठ्या माणसांना साध्या सरकारी भत्त्याच्या ७० टक्के मदत मिळायची, २००२ पर्यंत त्यातली बरीच व्हाउचरच्या रूपात, म्हणजे दुकानात रांगेत उभं राहून व्हाउचर काढायचं आणि मागच्या सगळ्यांनी बघायचं. २००२ नंतर तर केस चालू असताना कामाची परवानगीही सहसा नाही. ऑगस्ट २००१ मध्ये साइटहिल भागात एका कुर्दिश तरुणाचा भोसकून खून झाला, तोही आश्रय मागायलाच आलेला होता. अर्ज फेटाळला गेला तर पहाटे दार वाजायचं आणि कुटुंबं उचलून डंगाव्हेलच्या डिटेन्शन सेंटरला न्यायचे, मुलांसकट. २००५ मध्ये ड्रमचॅपल हायस्कूलच्या मुली आपल्या मैत्रिणीला असं नेल्यावर पेटून उठल्या, 'ग्लासगो गर्ल्स' म्हणून तेव्हा खूप गाजल्या. हे सगळं 'स'च्या शाळेच्या वर्षांतलंच.

आणि सेल्टिक क्लबचं मूळ बघितलं तर तेही असंच. १८८७-८८ मध्ये वॉलफ्रिड नावाच्या कॅथलिक ब्रदरने ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गरीब आयरिश स्थलांतरितांच्या पोरांना जेवण मिळावं म्हणून हा क्लब काढला. त्यामुळे बाहेरून आलेल्या घरातलं पोर दारात आलं की या क्लबला ते परकं वाटत नाही, निदान वाटू नये अशी अपेक्षा असते. 'स' साधारण दहा वर्षांचा असताना सेल्टिकच्या यूथमध्ये आला. बुटका, प्रचंड चपळ, बॉल पायाला चिकटलेला, आणि गोलसमोर अजिबात न गडबडणारा स्ट्रायकर. लवकरच तो आपल्यापेक्षा मोठ्या पोरांमध्ये खेळायला लागला.

## पहिला प्रश्न: राहायला मिळणार का

फुटबॉलच्या आधी हा प्रश्न आला. कुटुंबावर हद्दपारीची टांगती तलवार होती.

अशा वेळी घरापुढे तीन वाटा असतात. वकिलामार्फत अपील लढत राहायचं, ज्यात वर्षं जातात आणि मध्ये कधीही पहाटे दार वाजू शकतं. नाहीतर शाळा, चर्च, शेजारी जमवून गाजावाजा करायचा, जसं त्या मुलींनी केलं, पण मग केस पेपरात येते आणि काही वकील त्याला घाबरतात. तिसरी वाट म्हणजे कुणीतरी वजनदार माणूस मध्ये पडणं, जी शंभरातल्या नव्याण्णव घरांना नसतेच.

'स'ला ती मिळाली. टॉमी बर्न्स. ग्लासगोच्या कॅल्टन भागातला, सेल्टिकचा जुना मिडफिल्डर, नंतर मॅनेजर, आणि त्या काळात क्लबच्या यूथ विभागाचा प्रमुख. त्याने क्लबचं नाव आणि स्वतःचं नाव दोन्ही कुटुंबाच्या मागे उभं केलं, अधिकाऱ्यांकडे त्यांची बाजू मांडली. कुटुंबाला राहायची परवानगी मिळाली.

इथे थोडं थांबतो. हा निर्णय 'पोरगा भारी खेळतो म्हणून वाचवला' असाच सांगितला जातो आणि त्यात तथ्य आहेच, क्लबचा फायदा होता हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांच्या पोराला गोल मारता येत नाही त्या शेजारच्या कुटुंबाचं काय, हा प्रश्नही उरतोच. पण बर्न्सबद्दल त्याचे खेळाडू जे सांगतात त्यावरून तो फक्त हिशोब करणारा माणूस नव्हता. पोराच्या घरी कोण आहे, आई काय म्हणते, शाळेत काय चाललंय, हे त्याला माहीत असायचं. थोडक्यात, क्लबचा माणूस असूनही तो टेबलच्या पोराच्या बाजूला बसू शकत होता.

मे २००८ मध्ये स्किन कॅन्सरने बर्न्स गेला, वय ५१. 'स' तेव्हा बारा वर्षांचा. वर्षभराने, मे २००९ मध्ये, सेल्टिक पार्कवर त्याच्या स्मरणार्थ मॅच झाली आणि त्यात १३ वर्षांच्या 'स'ला बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरवलं. पब्लिक वेडं झालं, फोटो सगळीकडे. भावनेच्या दृष्टीने मला समजतं की का केलं. पण १३ वर्षांच्या पोराला भरलेल्या स्टेडियममध्ये उतरवलं की दुसऱ्या दिवसापासून इंग्लंडमधल्या प्रत्येक मोठ्या क्लबच्या स्काउटच्या वहीत त्याचं नाव जातं, आणि त्याला स्वतःलाही कळतं की आपण कोण आहोत. हा निर्णय कुणी नीट बसून घेतलाच नाही असं मला वाटतं, तो होऊन गेला. म्हणून चारमध्ये मी तो मोजत नाही, पण परिणाम त्याचाही झाला.

## दुसरा प्रश्न: कुठल्या देशाकडून

हा भाग लवकर उरकतो, कारण इथे गोष्टी चांगल्या झाल्या.

ब्रिटनचा पासपोर्ट एक आणि फुटबॉल असोसिएशन चार, त्यामुळे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांनी आपसात ठरवलं होतं की जन्म, आईबाप किंवा आजीआजोबा यातलं काहीतरी त्या भागातलं पाहिजे. म्हणजे किसमायोत जन्मलेलं, ग्लासगोत वाढलेलं, ग्लासगोच्या बोलीत बोलणारं पोर कुठल्याच खणात बसत नव्हतं. २००९ मध्ये नियम बदलला: १८ वर्षांच्या आत त्या भागात पाच वर्षं शाळा शिकलेली असेल तर खेळता येईल. स्कॉटिश असोसिएशनने यासाठी बराच जोर लावला होता आणि त्या चर्चेत 'स'चं उदाहरण हमखास निघायचं.

सोमालियाकडून खेळणं हा कागदावरचा पर्याय होता. पण मोगादिशूचं स्टेडियम वर्षानुवर्षं वेगवेगळ्या सैन्यांचा तळ होतं, २००८ ते २०१२ किसमायो अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या ताब्यात, आणि सोमालियाने वर्ल्ड कप क्वालिफायरमधली पहिली मॅच जिंकली ती थेट सप्टेंबर २०१९ मध्ये, झिंबाब्वेविरुद्ध १-०, तीही घरची मॅच म्हणून जिबूतीत खेळून. १५ वर्षांच्या पोराला कोणी तो सल्ला दिला नसता. 'स' स्कॉटलंडच्या यूथ टीम्समधून खेळला आणि २०१२ मध्ये १६ व्या वर्षीच अंडर-२१ पर्यंत पोचला. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्याला देशाबाहेर काढणार होते तो आता त्या देशाच्या शर्टात. इथवर बघितलं तर कुणीही म्हणेल की प्रकरण यशस्वी, फाइल बंद.

## तिसरा प्रश्न: सोळाव्या वर्षी सेल्टिक की चेल्सी

आता खरा पेच. फिफाच्या नियमाने १८ च्या आतल्या खेळाडूची एका देशाच्या असोसिएशनमधून दुसऱ्या देशात बदली करता येत नाही, पण युरोपियन युनियनच्या आत १६ पासून चालते, आणि ब्रिटन तेव्हा युनियनमध्ये होतं. म्हणजे स्कॉटिश क्लबने दहाव्या वर्षापासून सांभाळलेलं पोर सोळाव्या वाढदिवसानंतर इंग्लंडचा क्लब ट्रेनिंगची भरपाई देऊन नेऊ शकतो, आणि ती भरपाई बाजारभावाच्या मानाने किरकोळ असते. 'स' १६ चा झाला सप्टेंबर २०११ मध्ये. त्याच महिन्यात तो चेल्सीला गेला. भरपाईचा आकडा तेव्हा तीन लाख पौंडांच्या आसपास छापून आला होता.

पर्याय काय काय होते ते एकेक बघू, कारण सगळे जण या निर्णयाला मूर्खपणा म्हणतात आणि तो तसा नव्हता.

सेल्टिकला राहणं. जमेची बाजू म्हणजे घर, आई, मित्र, ओळखीचे कोच, स्कॉटलंडचं कमी दर्जाचं पण मोठ्या माणसांचं फुटबॉल. जेम्स फॉरेस्टसारखा अकॅडमीतला पोरगा नुकताच पहिल्या टीममध्ये रुळला होता, म्हणजे दार उघडं होतं. वजा बाजू म्हणजे पगार इंग्लंडच्या मानाने अगदीच कमी, आणि २००८ नंतर सेल्टिकने लीग जिंकलेली नव्हती, मॅनेजर नील लेननवर दडपण होतं, आणि दडपणाखालचा मॅनेजर पोरांना खेळवत नाही.

चेल्सीला जाणं. पैसा, सुविधा, देशातली सगळ्यात श्रीमंत अकॅडमी. पण स्ट्रायकरची रांग बघा. जानेवारी २०११ मध्ये पाच कोटी पौंड मोजून टोरेस आणलेला, द्रोग्बा आहेच, अनेल्का आहे, स्टरिज आहे, आणि 'स' येण्याच्या महिनाभर आधी १८ वर्षांचा लुकाकू घेतलेला. आणि अकॅडमीतून वर येऊन कायमचा टिकलेला शेवटचा माणूस जॉन टेरी, त्याचं पदार्पण १९९८ चं. ही माहिती तेव्हा सगळ्यांना होती, नंतर कळलेली नाही.

तिसरा पर्याय, ज्याबद्दल कुणी बोलत नाही: दोन वर्षं थांबणं. सेल्टिकशी छोटा करार करायचा, पहिल्या टीममध्ये २०-२५ मॅच खेळायच्या आणि मग १८ व्या वर्षी इंग्लंडला जायचं, तेव्हा क्लबलाही खरी किंमत आणि पोरालाही वजन. हे आज सोपं वाटतं कारण पुढे काय झालं ते आपल्याला माहितीये. २०१२ मध्ये सेल्टिकचा ग्लासगोतलाच कट्टर प्रतिस्पर्धी रेंजर्स क्लब आर्थिकदृष्ट्या बुडाला आणि त्याला चौथ्या श्रेणीपासून सुरुवात करावी लागली, सेल्टिकला लीग सोपी झाली आणि पोरांना खेळवायला जागाच जागा. नोव्हेंबर २०१२ मध्ये सेल्टिकने बार्सिलोनाला २-१ हरवलं आणि दुसरा गोल मारला १८ वर्षांच्या टोनी वॉटने, जो एअरड्रीहून आलेला स्ट्रायकर होता. ती जागा 'स'ची असू शकली असती असं ग्लासगोत बरेच जण म्हणतात. असू शकली असती. पण त्याच वॉटचं पुढे काय झालं तेही सांगायला पाहिजे ना, तोही त्यानंतर क्लबमागून क्लब बदलत फिरला.

"पैशासाठी गेला" यावर माझं मत असं आहे. ज्या मुलाचं बालपण काम करायची परवानगी नसलेल्या मोठ्या माणसांमध्ये गेलं, ज्याने पुढच्या महिन्यात आपण इथे असू की नाही याची भीती घरात बघितली, त्याच्यासमोर १६ व्या वर्षी घरातल्या सगळ्यांना कायमचं उभं करणारा करार ठेवला तर तो घेणं याला लोभ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फुटबॉलरचा गुडघा एका टॅकलमध्ये जातो, मग काय सेल्टिकचे फॅन घरभाडं भरणार होते? मध्यमवर्गीय स्कॉटिश घरातल्या पोराला "दोन वर्षं थांब" हा सल्ला परवडतो, इथे थांबणं हाच मोठा धोका वाटत असणार.

चूक असेल तर ती निर्णयात नाही, निर्णय कसा घेतला गेला त्यात आहे. त्या टेबलभोवती कोण कोण असतं ते बघा. विकत घेणारा क्लब, त्याला पोरगा हवाय. सोडणारा क्लब, त्याला पोरगा ठेवायचाय, आणि तो दुखावलेला आहे. मध्ये एजंट मंडळी, ज्यांना व्यवहार झाला तरच पैसे मिळतात, न झाल्याचे मिळत नाहीत. आणि घरचे, ज्यांच्या ओळखीत या धंद्यातला एकही माणूस नाही, काका नाही, मामा नाही, शेजारी नाही. निर्वासित घराचं हे असतं की पासपोर्ट मिळतो, घर मिळतं, पण "थांब, हा करार मी एकदा वाचतो" म्हणणारा नात्यातला माणूस मिळत नाही. हे काम बर्न्स करू शकला असता. तो क्लबचाच माणूस होता, म्हणजे तोही "राहा" म्हणाला असता कदाचित, पण त्याच्या "राहा"वर त्या घराचा विश्वास बसला असता, कारण त्यांना गरज होती तेव्हा तो उभा राहिला होता.

## चौथा प्रश्न: लोनचं चक्र

चेल्सीत सुरुवात झकास झाली. इंग्लंडमधल्या क्लबच्या यूथ टीम्सची स्पर्धा असलेला एफए यूथ कप २०१२ मध्ये जिंकणाऱ्या टीममध्ये तो होता, यूथ लेव्हलला गोलही होत होते. मग १८-१९ वय झालं आणि पुढे काय हा प्रश्न आला. त्या वर्षांत चेल्सीचे एका वेळी तीसच्या आसपास खेळाडू लोनवर, म्हणजे करार चेल्सीचा पण खेळायला तात्पुरते दुसऱ्या क्लबकडे, असे बाहेर असायचे. त्यातला एखादा गोलकीपर कोर्तुआसारखा मोठा निघायचा, बाकीचे फिरत राहायचे.

'स'ला कुठे कुठे पाठवलं ते बघा, कारण माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात न बोलला गेलेला भाग हा आहे.

सप्टेंबर २०१४, ग्रीसमधला ओएफआय क्रीट. मॅनेजर इटलीचा माजी खेळाडू गट्टूसो, हो तोच, ज्याची "कधी चांगलं, कधी घाण"वाली पत्रकार परिषद अजून मीम म्हणून फिरते, ती याच क्लबातली. क्लबकडे पगाराला पैसे नव्हते, गट्टूसो वर्षअखेरीस सोडून गेला आणि मार्च २०१५ मध्ये क्लबच लीगमधून बाहेर पडला. जगात कुठे जायचं नाही अशी यादी केली असती तर हा क्लब वर आला असता.

२०१५ च्या सुरुवातीला इंग्लंडमधला ब्लॅकपूल. त्या सीझनला ब्लॅकपूलकडे करार असलेले खेळाडू सुरुवातीला एक टीम भरेल इतकेही नव्हते, फॅन मालकांविरुद्ध पेटलेले, टीम तळाला, आणि मे मध्ये शेवटच्या घरच्या मॅचला लोक मैदानात घुसले आणि मॅच अर्धवट सोडावी लागली. अशा जागी १९ वर्षांच्या स्ट्रायकरने काय शिकावं?

मग हिबर्नियन (हिब्स), एडिनबरा. हा लोन कागदावर बरा होता, स्कॉटलंड, दुसरी श्रेणी, बॉल ठेवून खेळणारी टीम. पण खेळायला फार मिळालं नाही आणि तो परत गेला. त्याच हिब्सने मे २०१६ मध्ये स्कॉटिश कप जिंकला, १९०२ नंतर पहिल्यांदा. मग बेल्जियमचा मूस्क्रों, मग इंग्लंडचं स्विंडन, जे २०१७ मध्ये खालच्या लीगमध्ये घसरलं.

पाच क्लब, तीन वर्षं, चार देश. प्रत्येक ठिकाणी मॅच इन मीन तीन म्हणाव्या अशा. प्रत्येक वेळी नवीन घर, नवीन कोच, नवीन भाषा, आणि परत आलं की चेल्सीत पुन्हा ज्युनिअरांबरोबर प्रॅक्टिस. २०१९ मध्ये करार संपला. वय २३. चेल्सीच्या पहिल्या टीमकडून मॅच शून्य.

## निकाल

प्रोफेशनल फुटबॉलर व्हायचं होतं, तो झाला. हे वाक्य लोक विसरतात. किसमायोत जन्मून, कॅसलमिल्कमध्ये वाढून, आठ वर्षं युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लबपैकी एकाच्या करारावर असलेली माणसं किती सापडतील? कुटुंबाला देश मिळाला. नियम बदलला आणि त्याचा फायदा त्याच्यामागून येणाऱ्या पोरांना झाला. आज स्कॉटलंडमध्ये शाळा शिकलेल्या कुठल्याही निर्वासित पोराला तो प्रश्न पडत नाही.

पण फुटबॉलर म्हणून जे व्हायला हवं होतं ते झालं नाही. मैदानाबाहेरच्या काही गोष्टींवरूनही तो पेपरात आला, त्याची जबाबदारी त्याची त्याने घ्यायची, मी त्यात शिरत नाही. मात्र कष्ट कमी पडले एवढंच म्हणून विषय संपवणारे ती लोनची यादी कधी समोर ठेवत नाहीत.

## वेगळं काय करता आलं असतं

चेल्सीची वाट मुळातच चुकीची होती असं म्हणणाऱ्यांना मी बिली गिलमोर दाखवतो. तोही स्कॉटलंडचाच, ग्लासगोच्या रेंजर्सच्या अकॅडमीतला, २०१७ मध्ये १६ व्या वर्षी चेल्सीलाच गेला, २०१९ मध्ये पहिल्या टीममध्ये खेळला, आज स्कॉटलंडचा मिडफिल्डर आहे. फरक काय? एक तर त्याचं नशीब, २०१९ मध्ये चेल्सीवर खेळाडू विकत घ्यायला बंदी आली आणि मॅनेजर लॅम्पार्डला अकॅडमीतली पोरं खेळवावीच लागली. दुसरं म्हणजे जागा, मिडफिल्डमध्ये पाच कोटींचा माणूस प्रत्येक उन्हाळ्यात येतोच असं नाही, स्ट्रायकरच्या बाबतीत येतोच.

आणि सेल्टिकला राहणं हेच बरोबर होतं असं म्हणणाऱ्यांकडे किअरन टिअर्नी आहे, सेल्टिकमध्येच वाढला, २०१९ मध्ये आर्सेनलला अडीच कोटी पौंडांना गेला. पण अँडी रॉबर्टसनही आहे, ज्याला त्याच सेल्टिकने लहान चणीचा म्हणून पंधराव्या वर्षी काढून टाकलं आणि जो क्वीन्स पार्क, डंडी युनायटेड, हल करत लिव्हरपूलला गेला आणि स्कॉटलंडचा कॅप्टन झाला. म्हणजे क्लबच्या नावावरून काही सांगता येत नाही.

मला जास्त उपयोगी वाटतात ती सोमाली घरातल्याच दोघांची उदाहरणं. अब्दिसलाम इब्राहिम, जन्म बुरोचा, सात वर्षांचा असताना नॉर्वेला आला, २००७ मध्ये मँचेस्टर सिटीत, २०१० मध्ये पहिल्या टीममधून खेळला, पण जागा पक्की होत नाही म्हटल्यावर नॉर्वेत परतला आणि २०१३ मध्ये स्ट्रोम्सगोडसेटबरोबर लीग जिंकला, पुढे ग्रीसच्या ऑलिम्पियाकोसपर्यंत गेला. आणि मुख्तार अली, सोमाली आईबाप, जन्म सौदीचा, वाढला लंडनमध्ये, 'स'च्याच चेल्सी अकॅडमीत. त्याने लोनवर लोन करत बसण्यापेक्षा २०१७ मध्ये हॉलंडच्या व्हिटेसेशी कायमचा करार केला, नंतर सौदीतला अल नस्र क्लब, आणि सौदीच्या राष्ट्रीय टीमकडून खेळला. दोघांनीही मोठ्या क्लबचा हात वेळेवर सोडला.

माझ्या मते 'स'च्या प्रकरणात फिरवता आला असता असा टप्पा २०११ नाही, २०१४ आहे. १६ व्या वर्षी करार घ्यायलाच हवा होता असं मी म्हणेन. पण १८ संपताना, तीन वर्षांचा चेल्सीचा पगार बँकेत आहे, घर स्थिर झालंय, तेव्हा क्रीटच्या विमानात बसण्याआधी कुणीतरी साधे तीन प्रश्न विचारायला हवे होते: हा क्लब पगार देतोय का, या कोचने तुला मागितलंय का चेल्सीने पाठवलंय, आणि तुझ्या जागेवर आत्ता कोण खेळतो. पहिल्या प्रश्नावरच क्रीट बाद झालं असतं. तिसऱ्यावर हिब्स बाद झालं असतं.

नियमांच्या बाजूनेही थोडं बदललंय. २०२२ पासून फिफाने लोनवर मर्यादा आणली, आता एका क्लबला सहाच आंतरराष्ट्रीय लोन देता येतात, पण २१ आणि त्याखालचे आणि क्लबनेच घडवलेले खेळाडू त्यातून वगळलेत, म्हणजे १९ वर्षांच्या 'स'ला त्या नियमाने काही संरक्षण मिळालं नसतं. २०२३ च्या एजंट नियमात बरं आहे, अल्पवयीन खेळाडूकडे जायचं तर पालकांची लेखी परवानगी पाहिजे, आणि तेही तो प्रोफेशनल करार करायच्या वयाला यायच्या आधीच्या सहा महिन्यांतच जाता येतं. पण पालकांना समोरचा कागद वाचून दाखवणारा दुभाष्या किंवा क्लबशी संबंध नसलेला वकील द्यायची सक्ती त्यात नाही. माझ्या हातात असतं तर मी खेळाडूंच्या युनियनला ते काम दिलं असतं, भरपाईच्या रकमेतून त्याचा खर्च वळता करून, तीन लाख पौंडांतून वकिलाची फी निघायला काय लागतं.

सेल्टिकचं म्हणाल तर २०२२ मध्ये बेन डोक नावाचा १६ वर्षांचा विंगर, पहिल्या टीममध्ये पदार्पण झालेलं असताना, तसाच भरपाईवर लिव्हरपूलला गेला. रक्कम यावेळी सहा लाखांच्या आसपास होती.